आधी मोटर, मग मोक्ष

जयपूरच्या शास्त्रीनगरात पहाटे साडेचारला कुणाच्या खोलीत दिवा लागला, तर त्याला योगी समजायची पद्धत नाही. मोटर लावायला उठला असणार, एवढंच शेजारी समजतात आणि तेही उठतात. आमच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे येतं, थोडा वेळ रेंगाळतं आणि न सांगता जातं. ‘नल आ गए!’ अशी हाक कुठल्यातरी गच्चीवरून आली की पाच मिनिटांत घरोघरी घरघर सुरू होते. नळाला थेट मोटर जोडणं नियमात बसत नाही, सापडली तर जप्त होते. त्यामुळे आमच्या गल्लीत मोटर एकाकडेही नाही. प्रत्येकाच्या अंगणात एक जुनी रजई मात्र आहे आणि ती रजई पहाटे घरघरते.

मी इथे बँकेच्या बदलीने आलो आणि निवृत्तीनंतरही राहिलो. आमचे पूर्वज अठराव्या शतकात जयपूरला यायचे ते खंडणी वसूल करायला. मीही आलो तो वसुलीलाच, पण लोकांनी मला चहा पाजून, कचोरी खिलवून, ‘फिर पधारो सा’ म्हणत वर्षानुवर्षं हात हलवत परत पाठवलं. अशा गोड माणसांना सोडून जायचं कुठे?

पाण्याची गोष्ट मात्र गोड नाही. जयपूरला पूर्वी रामगड तलावाचं पाणी यायचं. 1982 च्या एशियाडमध्ये नौकानयनाच्या शर्यती त्याच तलावात झाल्या. आज तिथे नाव न्यायची तर ट्रॅक्टरवर टाकून न्यावी लागेल. 2009 पासून शहर पाणी पितं ते टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणाचं, शंभराहून अधिक किलोमीटरवरून आलेलं. पावसाळ्यात इथला माणूस शेअर बाजार बघत नाही, बिसलपूरची पातळी बघतो. 315.50 मीटर म्हणजे धरण भरलं. सेंटीमीटरगणिक बातम्या येतात, आणि सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला माणूस ‘आज चौदा पॉइंट सत्तर’ असं म्हणतो, तेव्हा वस्तरा थांबवून सगळे मान डोलावतात.

अशा या गल्लीत मे महिन्यात पुण्याहून माझा भाचा राहायला आला. नोकरी घरबसल्या करायची, त्यामुळे घर कुणाचंही चालतं. दारातच म्हणाला, “मामा, महिनाभर मला स्वतःवर काम करायचंय.”

“कर की,” बायको म्हणाली, “कामाला इथे कमी नाही.”

त्याच्या सामानात कपडे कमी आणि सुधारणेची साधनं जास्त होती. योगाची चटई, एक पट्ट्यापट्ट्यांची वही, पाणी किती प्यायलो याच्या खुणा असलेली बाटली आणि ‘द फाइव्ह एएम क्लब’ हे 2018 साली आलेलं रॉबिन शर्मांचं पुस्तक. जगातल्या थोर माणसांचं थोरपण पहाटे पाचला उठण्यात आहे, असं त्यातलं प्रतिपादन. आमच्या गल्लीतल्या बायका या हिशेबाने कधीच्या थोर झालेल्या आहेत. फक्त त्यांना कुणी कळवलेलं नाही.

आल्या आल्या त्याने भिंतीवर एक त्रिकोण चिकटवला. पाच मजल्यांचा. तळाला अन्न, पाणी, झोप. त्यावर सुरक्षितता, त्यावर आपुलकी, त्यावर मानसन्मान आणि टोकावर, जिथे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढ्याशा जागेत, आत्मविकास. मॅस्लो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा पिरॅमिड म्हणून हा जगप्रसिद्ध आहे. मॅस्लोने 1943 साली तो गाजलेला निबंध लिहिला तेव्हा त्यात त्रिकोण नव्हता. पुढे व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी तो काढला, कारण निबंध फळ्यावर मावत नाही. निबंधात उलट मॅस्लोने एक शहाणपणाची सूट ठेवली आहे. खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची उगवतच नाही, असं तो म्हणत नाही. नमुन्यादाखल त्याने आकडेही दिले: सामान्य माणसाची शरीराची गरज 85 टक्के भागलेली असेल, सुरक्षिततेची 70, प्रेमाची 50, मानाची 40 आणि आत्मविकासाची 10. म्हणजे दहा टक्के विकसित झालात तरी मॅस्लोच्या लेखी तुम्ही चारचौघांत बसायला लायक. ही बातमी भाच्याच्या पुस्तकापर्यंत पोचलेली दिसत नाही. त्याने त्रिकोण टोकाकडून चढायला घेतला.

पहिल्या पहाटे तो चटईवर डोळे मिटून बसला. थोड्या वेळाने भारावलेल्या आवाजात म्हणाला, “मामा, कुणीतरी सामुदायिक ओंकार करतंय.”

“एकेक अर्ध्या हॉर्सपॉवरचा आहे,” मी म्हणालो, “ऊठ, आपला अजून लागायचाय.”

दुसरा उपक्रम गार पाण्याच्या अंघोळीचा. गार पाण्याने मनोबल वाढतं म्हणे. जयपूरच्या मे महिन्यात गार पाणी ही माणसाने कमवायची गोष्ट आहे. गच्चीवरची काळी टाकी सकाळी नऊपासून तापते आणि दुपारी त्या पाण्यात चहाची पावडर टाकायची तेवढी बाकी राहते. आमच्याकडे मे-जूनमध्ये गीझर बंद असतो आणि लोक पोळतात ते नळाच्या पाण्याने. भाचा दुपारी बाराला मनोबल वाढवायला न्हाणीघरात शिरला आणि जी किंकाळी आली ती ऐकून घरमालकीण भाभीजी जिना चढून वर आल्या. गार पाणी हवं तर आदल्या दिवशीच बादल्या भरून घरात सावलीला ठेवाव्या लागतात. ठेवतं कोण, हा प्रश्न त्याच्या वहीत नव्हता. बादल्या मात्र ठेवलेल्या असायच्या.

झोपेचंही तेच. आखातीज नुकतीच होऊन गेलेली, लग्नाचे सावे अजून चालू. या दिवसांत शास्त्रीनगरात रात्री अकराच्या आत झोपणाऱ्याला आजारी समजतात. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून देशभर आहे आणि आमच्याकडे तो तंतोतंत पाळला जातो. दहाला स्पीकर बंद होतो आणि ढोल सुरू होतो. घोडीवर नवरदेव, डोक्यावर दिव्यांचे झगमगते गुच्छ घेतलेली माणसं, मागे जनरेटरची गाडी, आणि प्रत्येक चौकात ‘एक आखिरी गाना’. मध्यरात्र उलटल्यावर झोपून भाचा पाचच्या ठोक्याला उठायचा. सलग सतरा तास जागं राहिलं की माणसाची चलाखी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरते, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 साली ‘नेचर’मध्ये छापलं होतं. भाच्याने थेंबही न घेता तो टप्पा गाठला. त्याच्या वहीत रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहायची असते. आठवड्याच्या शेवटी मी डोकावलो तर तिथे ‘उशी, उशी, उशी’ असं लिहिलेलं होतं आणि शेवटच्या उशीची वेलांटी पानाबाहेर गेली होती.

पण खरी मजा उपासाची. सोळा तास काही खायचं नाही, मग आठ तासांच्या खिडकीत जेवायचं. आमच्या आज्ज्या एकादशीला हेच करायच्या. फक्त त्या खिडकीत साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस हे सगळं बसवून दाखवायच्या. भाच्याची खिडकी दुपारी बाराला उघडायची. अकराच्या सुमारास तो मोबाइलवर काहीतरी एकाग्रतेने बघत असायचा. ध्यानाचा प्रकार असेल म्हणून मी मागून पाहिलं, तर सिंधी कॅम्पजवळच्या रावतांकडे प्याज कचोरी तळतानाचा व्हिडिओ. आवाज बंद ठेवून, फक्त बुडबुडे.

यात त्याला हसण्यासारखं काही नाही, असं मी बायकोला सांगितलं. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धात माणसं मारणार नाही असं ठरवलेले, तत्त्वाला जागणारे हे तरुण. युद्धग्रस्त युरोपातल्या भुकेल्यांना पुन्हा कसं उभं करायचं हे कळावं म्हणून ते आपखुशीने तयार झाले. सहा महिने अर्धपोटी ठेवल्यावर काय झालं? जगाच्या शांततेवर वाचणारी ती पोरं पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, पदार्थांच्या कृती उतरवून घेऊ लागली, एकेक जेवण तासभर पुरवू लागली. चिडचिड वाढली, गप्पा आटल्या. पुढे त्यांच्यातले काही जण खरोखर स्वयंपाकाच्या धंद्यात गेले. माणूस तत्त्वाचा कितीही पक्का असो, भुकेला असताना त्याच्या डोक्यात तत्त्वं बसायला जागा नसते. तिथे आधीच कचोरी बसलेली असते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची थडी आहे. समोरच्या सरकारी शाळेतल्या मॅडमजी तिथे चहाला येतात. त्या म्हणतात, “भूखे बच्चे को ‘क’ से कमल पढ़ाओ, तो वो ‘क’ से कचौरी पढ़ता है.” देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं दुपारचं जेवण मिळालं पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला दिला. तो ज्या खटल्यात दिला, त्याची याचिका पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या राजस्थान शाखेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये केली होती. राजस्थानात दुष्काळ, माणसं उपाशी, आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली. आदेशात निबंध नव्हता. रोज किमान 300 कॅलरी, 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान 200 दिवस. भारतीय राज्यव्यवस्थेत ‘आधी पोटोबा’ इतकं मोजून-मापून दुसरीकडे कुठे लिहिलेलं मला माहीत नाही. मोठ्यांसाठी इथे आठ रुपयांचं ताट आहे. 2016 साली ते अन्नपूर्णा रसोई म्हणून सुरू झालं, 2020 साली सरकार दुसरं असताना त्याची इंदिरा रसोई झाली, पुढे सरकार पुन्हा बदललं आणि आता ते श्री अन्नपूर्णा रसोई आहे. पोळी तीच, डाळ तीच, आठ रुपये तेच. दर निवडणुकीनंतर पाटी मात्र रंगवावी लागते, तेवढाच रंगाऱ्याचाही पोटोबा.

संध्याकाळी मी भाच्याला गच्चीवर नेलं. तिथून नाहरगडाचा डोंगर दिसतो. किल्ला सवाई जयसिंगाने 1734 साली बांधला. पर्यटक वर जाऊन सूर्यास्त बघतात, आणि ‘रंग दे बसंती’त पोरं जिथे धमाल करतात ती बावडी बघतात. त्या बावडीसाठी डोंगरउतारावर पावसाचं पाणी वळवून आणणारे पाट काढलेले आहेत, ते कुणी बघत नाही. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधायच्या आधी पाणी पाहावं असं बजावलेलं आहे. नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, आणि झऱ्यावर विसंबून राहू नये. बुरूज, तोफा, नगारखाना, ध्वज हे सगळं नंतर.

“म्हणजे तुझ्या त्रिकोणासारखंच,” मी म्हणालो.

“पण मामा,” तो म्हणाला, “मला पाणी भरायला दिवस घालवायचा नाहीये. मला पुढे जायचंय.”

बरोबरच होतं त्याचं. म्हणून त्याने गलत्याला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला नाव घातलं. जयपूरच्या पूर्वेला डोंगरात हे धम्मथली नावाचं केंद्र आहे. मोर आणि माकडं भरपूर, माणसांनी मात्र बोलायचं नाही. आपल्याला विपश्यना म्हटलं की इगतपुरी आठवते. गोएंका गुरुजींनी भारतातलं पहिलं शिबिर 1969 च्या जुलैत मुंबईत घेतलं, आणि आता ही शिबिरं देशभर होतात. फोन पहिल्याच दिवशी जमा. पहाटे चारला घंटा, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना थोडं फळ आणि चहा. फी नाही.

दहा दिवसांनी पोरगा परत आला तो ओळखू येईना. चेहरा निवळलेला, आवाज खाली, ताटात पडेल ते खातोय. बायकोने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला. मला हेवा वाटला आणि थोडी शंकाही आली, म्हणून मी खोदून विचारलं: पाणी? चोवीस तास. जेवण? वेळेवर, गरम. कोण करतं? आधी शिबिर केलेले लोक धम्मसेवक म्हणून येतात, वाढतात, सगळी व्यवस्था बघतात. वरात? डोंगरात कुठली. त्रिकोणाचा तळमजला दुसऱ्यांनी आयता बांधून दिलेला होता, आणि हा दहा दिवस वरच्या मजल्यावर शांत बसला होता.

यात बुद्धाचाच धडा आहे, हे मान्य करायला हवं. आळवी नगरातली गोष्ट आहे. बुद्ध उपदेश करणार, लोक जमलेले, आणि एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवलेला. सकाळभर रानात बैल शोधून तो उपाशीपोटी धावतपळत पोचला. बुद्धाने उपदेश थांबवून आधी त्याला जेवायला वाढायला लावलं. तो जेवला, मग धर्म. भिक्षू कुजबुजले, की असं कधी केलं नव्हतं. त्यावर भुकेसारखा दुसरा रोग नाही, असं बुद्धाने सांगितलं, अशी ती कथा. कथेत शेतकऱ्याचं पुढे काय झालं ते येतं, भिक्षूंचं येतं. वाढणाऱ्याचं नाव येत नाही.

आपल्याकडे निदान नाव तरी आहे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर बसायचे आणि त्यांची बायको आवली भाकरी घेऊन डोंगर चढायची, चढता चढता काळ्या विठोबाला शिव्या घालायची. तिच्या पायात काटा मोडला तेव्हा तो काढायला विठोबा स्वतः आला, असं सांगतात. कीर्तनकार हा प्रसंग विठोबाच्या करुणेसाठी सांगतात. मला नेहमी वाटतं, विठोबाला तेवढी तरी लाज वाटणं भाग होतं. 1630 च्या दुष्काळात त्याच घरात तुकोबांची पहिली बायको अन्नान्न करून गेली होती. आवलीला डोंगरावरच्या माणसाच्या पोटाची काळजी का, हे तिला कुणा मॅस्लोने सांगायची गरज नव्हती. आवलीने आत्मविकास कधी करायचा, हे मात्र कुठल्याच पोथीत नाही.

हे सगळं मी एका रविवारी जेवताना भाच्याला रंगवून सांगत होतो. तो वहीत टिपणं काढत होता. बायको पोळ्या वाढत होती. तिने पोळी माझ्या ताटात टाकली, तवा खाली उतरवला, हात पुसले आणि म्हणाली, “मला पण नाव घालायचंय.”

“कशाला?”

“गलत्याला. दहा दिवस गरम जेवण कुणीतरी वाढतं म्हणालास ना? मोक्ष नाही मिळाला तरी चालेल.”

तिला निघताना काही सूचना द्यायच्या होत्या, पण आम्हीच म्हणालो, आम्ही काय लहान आहोत? भाच्याने तर या दहा दिवसांचं वेळापत्रक केलं: ध्यान, व्यायाम, वाचन, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘स्वयंपाक – अर्धा तास’. ती गेली. फोन तिकडे जमा झाला. पहिल्या संध्याकाळी लक्षात आलं की मुगाची डाळ कुठल्या डब्यात असते हे विचारायला या पृथ्वीवर फक्त एकच माणूस आहे आणि त्याने आर्य मौन पाळलेलं आहे. आम्ही डबे उघडत गेलो. एकात सुया-दोरा निघाला, एकात माझ्या हरवलेल्या पासबुकांचा गठ्ठा, एकात नुसती लवंग. भाचा म्हणाला, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी होती. मी म्हणालो, चिठ्ठी चालती-बोलती होती, ती गलत्याला गेली.

तिसऱ्या दिवशी भाभीजी डबा घेऊन वर आल्या. त्यात गट्ट्याची भाजी आणि बाजरीची रोटी होती. आमची अवस्था त्यांनी दारातूनच नीट पाहून घेतली: ओट्यावरचा करपलेला कुकर, सिंकमधला डोंगर, आणि सकाळी सातला, खिडकी बंद असताना, उभ्याउभ्या तोस खाणारा भाचा. त्यांच्या डोळ्यांत दया दिसेल असं मला वाटलं होतं. दिसली ती चमक.

“भाईसाब,” त्यांनी विचारलं, “ये गलता वालों का फॉर्म मोबाइल से ही भर जाता है क्या?”

भाच्याने, सुधारलेला माणूस तो, लगेच त्यांना फॉर्म भरून दिला.

त्याच रात्री दारावर हळूच टकटक झाली. घरमालक भाईसाब उभे. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेला, अख्ख्या गल्लीला शिस्त लावणारा माणूस. हातात छोटी डायरी, कानाला पेन्सिल. इकडे-तिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

“दाल में सीटी कितनी लगती है?”

मी म्हणालो तीन. त्याच वेळी भाचा म्हणाला पाच. भाईसाबनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, डायरी उघडली, वर तारीख घातली आणि दोन्ही आकडे लिहून घेतले.